दहाव्यांदा पाहिलेली जाहिरात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरुळच्या एका महाविद्यालयात जनसंज्ञापनाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला अलीकडच्या पाच टीव्ही जाहिरातींची बलस्थाने आणि उणिवा यांवर परीक्षण लिहायचे आहे. तिने कॅडबरी डेअरी मिल्क, फेविकॉल, क्रेड, सर्फ एक्सेल आणि ड्रीम इलेव्हन यांच्या जाहिराती निवडल्या आहेत. पण सोबत पाठवलेल्या टिपणांत बहुतेकींबद्दल ‘कथा भावनिक, संगीत श्रवणीय, लांबी थोडी जास्त’ यापलीकडे तिला फारसे सुचलेले नाही. जाहिराती करणारा माणूस दुसऱ्याची जाहिरात पाहताना नेमके काय पाहतो, असे तिने विचारले आहे.

तुमची निवड चांगली आहे. शेरेही चुकीचे नाहीत, पण ते एखाद्या लघुपटालाही तितकेच लागू पडतील, आणि अडचण तिथेच आहे. मी 26 वर्षे जाहिराती लिहितो आहे. त्यांतली निम्मी वर्षे हिंदीत तयार झालेल्या जाहिरातींची मराठी रूपे करण्यात गेली. चित्रपट माणूस तिकीट काढून, एकदा, मन लावून पाहतो. टीव्हीवरची जाहिरात मात्र न मागता घरात येते आणि त्याच माणसांसमोर महिनाभर रोज येत राहते. म्हणून पहिल्यांदा पाहताना ती कशी वाटली, याला माझ्या लेखी फारसे मोल नाही. दहाव्यांदा ती लागते तेव्हा तिच्यातले काय शिल्लक राहिलेले असते, ते मी पाहतो. विनोद एव्हाना शिळा झालेला असतो, शेवट ठाऊक असतो, डोळ्यांत पाणी येऊन गेलेले असते. त्यानंतरही जे उरते त्यावर परीक्षण लिहावे.

आधी एक तांत्रिक बाब तपासून घ्या. तुम्ही पाहिलेली फिल्म आणि टीव्हीवर लागणारी फिल्म एकच आहे का? टीव्हीवरची वेळ दहा-दहा सेकंदांच्या हिशेबाने विकत घेतली जाते, त्यामुळे दीड मिनिटाची मूळ फिल्म थोडे दिवस चालते आणि मग तिची तीस, वीस, प्रसंगी दहा सेकंदांची कापलेली आवृत्ती पुढचे सगळे दिवस भरून काढते. यूट्यूबवर सापडते ती बहुधा लांब फिल्म. ‘लांबी थोडी जास्त’ हा शेरा तुम्ही त्या फिल्मवर मारला असेल, तर घरोघरी दिसणाऱ्या आवृत्तीबद्दल तुम्ही अजून काहीच लिहिलेले नाही. कापताना काय गेले आणि काय राहिले, हे पाहण्यासारखे असते. माझ्या अनुभवात सर्वांत आधी कथेचे कारण जाते, मग दुय्यम पात्रे जातात आणि उरतो तो विनोदाचा शेवट आणि पॅक शॉट, म्हणजे उत्पादनाचे पाकीट दाखवणारे दृश्य. वीस सेकंदांत जिची कल्पना जिवंत राहते, ती जाहिरात मुळात मजबूत बांधलेली असते.

आता जाहिरात कुठे पाहावी, याविषयी. मी नवी जाहिरात ठाण्याच्या नौपाड्यात माझ्या मावशीकडे बसून पाहतो. संध्याकाळी आठची मालिका लागलेली असते. ब्रेक आला की मावशी उठते. कुकरची शिट्टी झालेली असते, गॅस बारीक करायचा असतो, मामेबहिणीचा फोन राहिलेला असतो. केबल टेलिव्हिजनच्या 1994 च्या नियमांनुसार वाहिनीला तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात आणि त्या बारा मिनिटांतली बरीचशी मावशी स्वयंपाकघरात असते. जाहिरात तिच्या कानावर पडते, डोळ्यांसमोर नसते. एकदा मी वहीत खुणा केल्या होत्या. सलग आठ जाहिराती झाल्या, त्यांपैकी तीन कशाच्या होत्या हे आतून ऐकून तिला सांगता आले. एकीत उत्पादनाचे नाव गाण्यातच होते, दुसरीत भांड्यावर घासणी फिरल्याचा आवाज होता आणि तिसरीत एक बाई दुसऱ्या बाईला उत्पादनाचे नाव घेऊनच विचारत होती. उरलेल्या पाचांना पियानो होता. हळवा, संथ, एकसारखाच पियानो.

हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. टीव्हीकडे पाठ करून बसा. नंतर उलटा प्रयोग करा. ठाण्याच्या गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर 17 मध्ये विजेच्या उपकरणांची दुकाने आहेत, तिथे भिंतभर टीव्ही आवाज बंद करून लावलेले असतात. तिथे पाच मिनिटे उभे राहा. आवाजाविना कोणती जाहिरात कळते आणि चित्राविना कोणती, हे लिहिले की तुमच्या ‘संगीत श्रवणीय’ या शेऱ्याला अर्थ येईल. श्रवणीय असणे वेगळे आणि कानाने ओळखता येणे वेगळे. विको टर्मरिकचे जुने गाणे आजच्या कसोटीवर कोणी श्रवणीय म्हणणार नाही, पण ‘नहीं कॉस्मेटिक’ या दोन शब्दांत त्या कंपनीने आपली सगळी बाजू मांडून ठेवली. हे क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर त्या कंपनीचा अबकारी खात्याशी वर्षानुवर्षे वाद चालला, हे माहीत असले की ते दोन शब्द आणखी मजेदार वाटतात.

दुसरी कसोटी अधिक महत्त्वाची आहे आणि ती मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी मी एका मसाला कंपनीसाठी जाहिरात लिहिली होती. निवृत्त आजोबा पहिल्यांदाच स्वयंपाकघरात शिरतात, आजी दारातून चोरून पाहते, अशी गोष्ट. क्लायंट खूश, आम्ही खूश. दोन महिन्यांनी मावशी म्हणाली, “ती आजोबांची जाहिरात किती गोड आहे रे,” आणि तिने नाव घेतले ते प्रतिस्पर्धी कंपनीचे. चूक तिची नव्हती. आमच्या गोष्टीतून मसाल्याचे पाकीट काढून तिथे तुपाचा डबा, गॅसची शेगडी किंवा विम्याची पॉलिसी ठेवली असती, तरी गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली असती. तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीतून मी उत्पादन मनातल्या मनात उचलून बाजूला ठेवतो. गोष्ट कोसळली तर जाहिरात भक्कम. कोसळली नाही, तर दुसऱ्याच्या दुकानाची पाटी आपण आपल्या पैशाने रंगवली असे समजावे.

तुमच्या पाच जाहिरातींना ही कसोटी लावू. फेविकॉलची 2019 ची सोफ्याची जाहिरात हिच्यावर सहज उतरते. कंपनीला साठ वर्षे झाली, त्या निमित्ताने ती केली होती. लग्नात आलेला एक सोफा पिढ्यान्‌पिढ्या हात बदलतो, त्याची कापडे बदलतात, मालकिणी बदलतात, ‘शर्माइन’चा सोफा ‘मिश्राइन’चा होतो, पण सांगाडा तोच राहतो. इथून चिकटवणारा पदार्थ काढला तर सांगायला काही उरतच नाही. शिवाय सगळे गाण्यात सांगितलेले असल्याने स्वयंपाकघरातही पोहोचते. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये फेविकॉलच्या जाहिरातींमागचे जाहिरातकार पीयूष पांडे गेले, तेव्हा पुष्कळांनी त्यांच्या हळव्या जाहिरातींची आठवण काढली. माझ्या मते त्यांचे खरे बळ या हटवादीपणात होते. फेविकॉलची जाहिरात वर्षानुवर्षे ‘चिकटते आणि सुटत नाही’ एवढे एकच वाक्य सांगते, आणि राजस्थानातल्या त्या खचाखच भरलेल्या बसपासून या सोफ्यापर्यंत ते वाक्य बदललेले नाही. उणीव शोधायचीच असेल, तर या सोफ्याचा काळ आणि त्याची माणसे उत्तरेकडची आहेत. त्याविषयी पुढे लिहितो, कारण मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने तो मोठा मुद्दा आहे.

क्रेडची 2021 च्या आयपीएलमधली राहुल द्रविडची जाहिरात गंमत म्हणून अव्वल आहे. आयुष्यभर संयमासाठी ओळखला गेलेला माणूस बंगळूरच्या वाहतुकीत बॅट घेऊन शेजारच्या गाडीचा आरसा फोडतो आणि आपण इंदिरानगरचे गुंड असल्याचे ओरडून सांगतो. मात्र तिची रचना नीट पाहा. क्रेडिट कार्डाचे बिल भरल्यावर बक्षीस मिळते हे ऐकायला अशक्य वाटते, द्रविडचा राग जसा अशक्य वाटतो तसेच, असा तिचा युक्तिवाद आहे. तो युक्तिवाद सुरुवातीलाच एका नटाच्या तोंडून येऊन जातो आणि त्यानंतर द्रविड जो येतो तो सगळे खाऊन टाकतो. जाहिरातीत वचन विनोदाच्या आधी आले तर ते बुडते, विनोदाच्या पोटात असले तर तरते. दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळे द्रविडबद्दल बोलत होते. ते अॅप काय करते, हे मी चौघांना विचारले, तर दोघांना सांगता आले नाही. उलट बाजूही नोंदवली पाहिजे. त्या कंपनीला त्या वेळी नाव तोंडातोंडी व्हायला हवे असेल, तर तेवढे काम झाले. ब्रीफ, म्हणजे कंपनीने जाहिरातीकडून नेमके काय मागितले होते ते, आपल्याला माहीत नसतो, म्हणून परीक्षणात ‘फसली’ असा निकाल न देता ‘काय पोहोचले आणि काय पोहोचले नाही’ असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

सर्फ एक्सेलच्या 2019 च्या होळीच्या जाहिरातीवर एवढी राळ उडाली की ती जाहिरात म्हणून कशी होती, हे कोणी फारसे तपासलेच नाही. सायकलवरची लहान मुलगी गल्लीतल्या मुलांचे सगळे रंग स्वतःच्या अंगावर संपवते आणि पांढऱ्या कपड्यांतल्या मुसलमान मित्राला नमाजासाठी मशिदीपर्यंत सोडते. इथे गोष्ट डागावरच उभी आहे. ती मुलगी डाग अंगावर घेते म्हणून पुढचे सगळे घडते. म्हणजे डागाला चांगुलपणाशी जोडण्याचा त्या कंपनीचा 2005 पासूनचा धागा इथे अक्षरशः कथेचा कणा झाला आहे. संतापलेल्या काही जणांनी तेव्हा ‘एक्सेल’ हे नाव पाहून मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरला एकेक तारा दिला होता. वाद आणि परीक्षण यांत गल्लत झाली की काय होते, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. एरिअलने 2015 पासून घरकामाच्या वाटणीवर जाहिराती केल्या, त्यांतही धुणे हेच गोष्टीचे केंद्र आहे. याउलट तनिष्कची 2020 ची डोहाळजेवणाची जाहिरात, जी विरोधानंतर मागे घ्यावी लागली, ती मला माणुसकीच्या अंगाने आवडली, तरी दागिन्यांविना तिची गोष्ट अडत नव्हती, हेही खरे. एखाद्या जाहिरातीची बाजू आपण नागरिक म्हणून घेतो, तेव्हा तिची उणीव सांगणे म्हणजे विरोधकांना सामील होणे नव्हे. दोन्ही मते एकाच परिच्छेदात लिहिता आली पाहिजेत.

कॅडबरीची जाहिरात तुम्ही ‘जुन्या जाहिरातीचे सुंदर अनुकरण’ या चार शब्दांत उरकली आहे. तिच्यावर मात्र तुम्ही थांबायला हवे. 1994 च्या मूळ जाहिरातीत फलंदाज नव्व्याण्णववर असतो, चेंडू उंच जातो, सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक त्याच्याखाली येतो, षटकार होतो आणि प्रेक्षकांतली मुलगी सुरक्षारक्षकाला चुकवून मैदानात नाचत जाते. 2021 मध्ये ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेनेच ती पुन्हा केली तेव्हा फक्त एक गोष्ट उलटवली. फलंदाज बाई आणि नाचणारा पुरुष. गाणे तेच, रक्षकाला दिलेली हुलकावणी तीच, चॉकलेट तेच. नव्या जाहिरातीत काहीतरी नवे घालण्याचा मोह आम्हा लोकांना आवरत नाही. इथे तो आवरला गेला, आणि हे तिचे सर्वांत मोठे बळ आहे. एकच बदल केल्यामुळे पाहणाऱ्याची नजर थेट त्या बदलावर जाते, आणि सत्तावीस वर्षांत काय बदलले हे सांगायला एकही शब्द खर्च होत नाही.

उणीव अशी, की ही जाहिरात आठवणीच्या उधारीवर चालते. मूळ जाहिरात ज्याने पाहिली नाही, त्याला ही एक बरी क्रिकेटची जाहिरात वाटते. तुमच्या वर्गातल्या किती जणांना ती उलटापालट न सांगता कळली, हे विचारून पाहा आणि तो आकडा परीक्षणात लिहा. दुसरे असे, की चॉकलेट इथेही हातात असते एवढेच. पण वर सांगितलेली कसोटी मी इथे थोडी सैल करतो, कारण त्या कंपनीने आनंदाचा क्षण आणि चॉकलेट यांची गाठ तीस वर्षे तीच ती गोष्ट सांगून मारली आहे. पुनरावृत्तीने कमावलेली ही मालकी नव्या कंपनीला मिळत नाही. तुम्ही नेरुळच्या आहात म्हणून आणखी एक सुचवतो. 2 नोव्हेंबर 2025 रोजी तुमच्याच नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, आणि मैदान भरलेले होते. 2021 मध्ये आपल्याकडे महिलांच्या सामन्याला खचाखच भरलेले मैदान हा त्या जाहिरातीतला बराचसा कल्पनेचा भाग होता. आज तीच फिल्म लावली तर तो भाग कल्पना राहत नाही. जाहिरातीखालची जमीन अशी सरकते, म्हणून परीक्षणावर तारीख हवी.

तारखेचा मुद्दा ड्रीम इलेव्हनला, म्हणजे मनातला क्रिकेट संघ निवडून त्यावर पैसे लावायच्या अॅपला, तर फारच लागू आहे. 2025 च्या आयपीएलमध्ये आमिर खान आणि रणबीर कपूर आपापला संघ जमवताहेत, आमिर रणबीरला चुकून ‘रणवीर सिंग’ म्हणतो, मग मानापमान आणि क्रिकेटपटूंची ओढाताण, अशी ती भागांची मालिका होती. संघ निवडणे हेच उत्पादन आणि संघ निवडणे हीच गोष्ट, त्यामुळे उचलून बाजूला ठेवण्याची कसोटी तिने झोकात पार केली. इतक्या ताऱ्यांची गर्दी असूनही गोष्ट हरवली नाही, हे लेखकांचे कसब. पण खरी उणीव जिथे पैशाची जोखीम सांगायची तिथे असते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे 1985 पासून काम करणाऱ्या उद्योगाच्या स्वनियमन संस्थेने, पैसे लावून खेळायच्या खेळांसाठी डिसेंबर 2020 पासून नियम केले होते. त्यांनुसार आर्थिक जोखमीचा आणि व्यसनाचा इशारा नेहमीच्या बोलण्याच्या गतीने द्यायचा होता. त्या श्रेणीतल्या जाहिराती लागत होत्या तेव्हा मावशीला मी विचारले, की शेवटी तो माणूस काय म्हणाला. ती म्हणाली, “तो नेहमीचा घाईत असतो तोच ना?” म्युच्युअल फंडांच्या इशाऱ्याने सगळ्या देशाच्या कानाला अशी सवय लावून ठेवली आहे, की तो सूर लागला की आपण ऐकणे बंद करतो. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. तुमचे परीक्षण आता एका बंद झालेल्या श्रेणीचे आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा.

खालच्या बारीक अक्षरांविषयीही एक-दोन ओळी लिहा. आमच्याकडे त्यांना ‘सुपर’ म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा हा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच फाँटमध्ये हवा, आणि तो मूळ दाव्याला छेद देणारा नको. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्या ताऱ्यावरही वर्षभराची बंदी येऊ शकते. आता मराठी वाहिनीसमोर बसा आणि मोजा. दावा मराठीत आणि खुलासा इंग्रजीत, अशा किती जाहिराती एका संध्याकाळी दिसतात? ही उणीव शोधायला कलेची जाण लागत नाही, फक्त डोळे किलकिले करून टीव्हीच्या जवळ जावे लागते. वेलचीच्या नावाखाली भलतेच काही विकणाऱ्या जाहिरातींबद्दल मी वेगळे लिहीत नाही. त्याच सूचनांनी अशा आडवाटेच्या जाहिरातींना मनाई केली आहे आणि अक्षय कुमारने एप्रिल 2022 मध्ये माफी मागून अशा एका जाहिरातीतून अंग काढून घेतले होते.

आता मराठी रूपांविषयी. तुमच्या पाचही टिपणांत भाषेचा उल्लेख नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत राहणारा मराठी प्रेक्षक दिवसभर मराठी वाहिन्या पाहतो, पण त्यांवरच्या बहुतेक मोठ्या जाहिराती हिंदीत विचार करून, हिंदीत चित्रित करून मग मराठीत डब केलेल्या असतात. माझ्या धंद्यातल्या उणिवा सगळ्यांत जास्त इथे दिसतात आणि त्यांच्यावर सगळ्यांत कमी लिहिले जाते.

एक प्रसंग सांगतो. वीस सेकंदांची एका पौष्टिक पेयाची फिल्म होती. दुसऱ्या शहरातून मराठी मसुदा तयार होऊन आला होता आणि माझे काम फक्त स्टुडिओत बसून डबिंग करून घेण्याचे होते. शेवटचे वाक्य होते, “ठेवी आपल्या कुटुंबाला स्वस्थ.” हिंदीत ‘स्वस्थ’ म्हणजे निरोगी. मराठीत आपण पोराला “स्वस्थ बस” म्हणतो. काचेपलीकडे डबिंग करणाऱ्या बाई वाक्य वाचून हसायला लागल्या. म्हणाल्या, “हे पेय पाजलं की घरातली सगळी गप्प बसतात का?” वाक्य बदलायचे ठरले, पण पडद्यावरची आई जवळून दिसत होती आणि तिचे ओठ हिंदीत हललेले होते. डबिंगमध्ये प, फ, ब, भ, म या अक्षरांना दोन्ही ओठ मिटतात. पडद्यावर ओठ जिथे मिटतात तिथे आपल्याही वाक्यात ओठ मिटणारे अक्षर आणावे लागते, नाहीतर पाहणाऱ्याला कारण न कळताही काहीतरी खोटे वाटते. हिंदी ‘बेमिसाल’च्या जागी ‘अप्रतिम’ चालते, कारण दोन्हींत ओठ दोनदा मिटतात. दुसरा ‘म’ अंमळ उशिरा येतो, तेवढे खपून जाते. त्या दिवशी तासभर झटापट केल्यावर आम्ही वाक्य केले, “आपल्या माणसांची तब्येत सांभाळतं.” ओठ पूर्ण जुळले नाहीत. क्लायंटने विचारले, मूळ मसुद्यात अडचण काय होती? मी त्यांना “स्वस्थ बस” समजावून सांगितले. ते म्हणाले, लोक समजून घेतात. शेवटी त्यांचेच चालले आणि कुटुंब स्वस्थ बसले ते बसलेच.

‘शिक्षा’ हा असाच शब्द आहे, हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड. ‘माझी मदत करा’, ‘केसांना बनवा मजबूत’, ‘आजच घरी घेऊन या आनंद’ ही वाक्ये तुम्ही इतक्यांदा ऐकली आहेत की ती आता खटकतही नसतील. शेवटच्या दोन वाक्यांतली, क्रियापद मधे आणून शेवटी विशेषण किंवा नाम लटकवायची लकब मराठी बोलण्यात नाही. ती फक्त जाहिरातीत आढळते आणि तिथून आता लग्नपत्रिकांतही शिरली आहे. भाषा शुद्ध हवी असा माझा आग्रह नाही. मावशी ‘फ्रिज’च म्हणते आणि जाहिरातीनेही तेच म्हणावे. मुद्दा विश्वासाचा आहे. जाहिरातीतली शेजारीण शेजारणीसारखी बोलली नाही, की तिने दिलेला सल्लाही परका वाटतो, आणि दहाव्या वेळी तो परकेपणा दहापट झालेला असतो.

फेविकॉलच्या सोफ्याकडे इथे परत येतो. ‘शर्माइन’, ‘मिश्राइन’, ‘कलेक्टराइन’ या शब्दांतली सगळी मजा त्या ‘आइन’ प्रत्ययात आहे. नवऱ्याच्या आडनावाला किंवा हुद्द्याला प्रत्यय लावला की बायको तयार, आणि सोफ्याबरोबर तो हुद्दाही चढत जातो. हे ‘शर्मा काकूंचा सोफा’ असे मराठीत आणले तर अर्थ पोहोचेल, पण चढण नाहीशी होईल. मात्र मराठीकडे स्वतःची वाट आहे. पाटलीणबाई, मास्तरीणबाई, मामलेदारीणबाई हे शब्द आजही घरातल्या मोठ्यांच्या तोंडी आहेत आणि त्यांतही हुद्द्याचा तोच ठसका आहे. मी रविवारी वाशीला एक वर्ग घेतो. तिथे हा सराव दिला तेव्हा कोपरखैरण्याच्या एका मुलाने सोफा मास्तरीणबाईंकडून तलाठीणबाईंकडे आणि तिथून थेट ‘नगरसेवकीणबाईं’कडे नेला. तो शेवटचा शब्द कोणत्याही कोशात सापडणार नाही, पण अख्खा वर्ग हसला आणि गोष्ट ठाण्याची झाली. मराठी रूप तपासताना तुम्ही एवढेच विचारा, की लेखकाने शब्द उचलून इकडे ठेवले आहेत की तीच गंमत आपल्या भाषेत कुठे सापडते हे शोधले आहे.

मुळातच मराठीत जन्मलेल्या जाहिराती याबाबतीत सरस ठरतात, त्यांचे खर्च कमी असूनही. पितांबरी ही ठाण्याचीच कंपनी. काळवंडलेले तांब्या-पितळेचे भांडे घासून लख्ख होताना दाखवणे, यात चातुर्य काही नाही असे माझ्या व्यवसायातले पुष्कळ जण म्हणतात. पण आवाज बंद करा, तरी कळते. उत्पादन काढून घ्या, तर भांडे काळेच राहते. आणि ‘लख्ख’ हा शब्द कुठल्याच मसुद्यातून अनुवादून आणता येत नाही. तुमच्या पाचांत अशी एकही जाहिरात नाही. क्रेड किंवा ड्रीम इलेव्हन यांपैकी एक काढून तिच्या जागी मराठीत लिहिली गेलेली जाहिरात घ्यावी, असे मी सुचवीन.

विक्री वाढली की नाही, यावर मात्र लिहू नका. जाहिरात किती घरांत दिसली याचे अंदाज बार्कसारखी संस्था काढते. विक्रीवर मात्र किंमत, वितरण, पाऊसपाणी, सण, प्रतिस्पर्ध्याची सवलत या सगळ्यांचा हात असतो, आणि कंपनीच्या आतल्या माणसांनाही त्यांतला जाहिरातीचा वाटा नेमका वेगळा काढता येत नाही. ‘या जाहिरातीमुळे विक्रीत प्रचंड वाढ झाली’ हे वाक्य तुमच्या टिपणांत दोनदा आले आहे. दोन्हीकडे ते खोडा.

तुमचे कॅडबरीवरचे टिपण मी लिहिले असते तर साधारण असे लिहिले असते: ‘जुन्या जाहिरातीतली फक्त स्त्री-पुरुषांची अदलाबदल करून बाकी सर्व जसेच्या तसे ठेवल्यामुळे बदलच जाहिरातीचा विषय होतो. गाणे ओळखीचे असल्याने पडद्याकडे न पाहताही ब्रँड कळतो. मूळ जाहिरात न पाहिलेल्या प्रेक्षकापर्यंत मात्र ही अदलाबदल पोहोचत नाही. माझ्या वर्गातल्या इतक्यांपैकी इतक्या जणांना ती समजली नाही. कमी लांबीच्या आवृत्तीत क्षेत्ररक्षकाचा ताण कापला गेला असेल, तर नाच अकारण वाटतो.’ पाच वाक्ये आहेत आणि त्यांतले एकही वाक्य दुसऱ्या जाहिरातीला लावता येणार नाही. दोन आकडे आणि कापलेल्या आवृत्तीची खातरजमा तुम्हाला करावी लागेल, कारण वर्ग तुमचा आहे. पाचही परीक्षणांच्या डोक्यावर किती सेकंदांची आवृत्ती, कोणत्या भाषेत, कोणत्या वाहिनीवर आणि कितव्यांदा पाहिली, एवढे लिहून मग सुरुवात करा.